नियम अकराचा माणूस

पांढुर्ण्याला फुटबॉलचं वेड आहे असं म्हणायला मी काही धजावणार नाही. इथल्या पोरांच्या हाती आधी बॅट येते, मग पाठीवर संत्र्याची क्रेट येते, फुटबॉल आलाच तर शाळेच्या स्टोअररूममधून, अर्धी हवा गेलेला. तरीही युरोपातली एखादी मॅच रात्री अडीच-तीनला संपली, की सकाळी चहाच्या टपरीवर एक माणूस हमखास सापडतो. डोळे तांबडे, दाढी वाढलेली, मोबाइलमध्ये नियमांचं पुस्तक उघडलेलं. कोण जिंकलं हे त्याला विचारू नका, बहुधा सांगता येणार नाही. तोच तुम्हाला विचारेल, "बेचाळीसाव्या मिनिटाले चेंडू रेफरीच्या पायाले लागला, तवा खेळ पुन्हा कायनं सुरू केला, पाह्यलं का?"

याला आम्ही रेफरीभाऊ म्हणतो. ही जात सौंसरलाही आढळते, आणि एका टपरीवर दोन निघाले तर तिसऱ्यानं चहा उभ्या उभ्या पिऊन निघावं.

रेफरीभाऊचा कुठलाच संघ नाही. एकानं बार्सिलोना की रियल असं विचारलं तर म्हणाला, "मी नियम अकराचा माणूस हाव." एकूण नियम सतरा, त्यात अकरावा ऑफसाइडचा. बाकीचे सोळाही त्याला पाठ आहेत, पण जीव अकराव्यावर. बाकीच्या जगाला 1986 म्हटलं की मॅराडोनाचा हात आठवतो. याला आठवतो ट्युनिशियाचा रेफरी अली बेन्नासर. "त्यानं लाइन्समनकडे पाह्यलं. लाइन्समन गप. मंग बिचाऱ्यानं काय करावं?" 1966 च्या अंतिम सामन्यात चेंडू बारला लागून खाली पडला आणि इंग्लंडला गोल मिळाला, तो मारणारा जेफ हर्स्ट याच्या लेखी किरकोळ माणूस. मोठा माणूस म्हणजे गोल झाला असं सांगणारा लाइन्समन तोफिक बहरामोव. बाकू शहरात त्याच्या नावाचं स्टेडियम आहे, हे सांगताना रेफरीभाऊचा आवाज कापरा होतो. अख्ख्या जगात त्याला जावंसं वाटतं ते गाव तेवढं एकच.

पण त्याला खऱ्या रंगात पाहायचं तर हंगामात पाहावं, हाताशी संत्री असताना. 2022 च्या विश्वचषकात जपाननं स्पेनला गोल मारला, त्याआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता की नव्हता, यावर दुनियेत रान उठलं होतं. रेफरीभाऊनं टपरीच्या बाकावर खडूनं रेघ ओढली, रेघेपलीकडे संत्रं ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना बाजूनं बघायला लावलं. "बाहेर दिसते का?" दिसत होतं. मग एकेकाची मान धरून वरून बघायला लावलं. संत्र्याचं पोट रेघेच्या वर, केसभर का होईना, आलेलं. "पूर्ण चेंडू पूर्ण रेघेच्या पार गेला पाह्यजे. जमिनीले कुठं टेकला, ते नाही पाहाचं." हे प्रात्यक्षिक दोन तास चाललं. गिऱ्हाईक बदललं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी टपरीवाल्यानं संत्रं सोलून खाल्लं, तेव्हा "पुरावा नष्ट केला" म्हणून हा त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही.

पुढे हे ज्ञान शेतीत शिरलं. दोन चुलतभावांच्या बगीच्यांमधल्या धुऱ्यावरून एका झाडाची फांदी पलीकडे गेलेली, आणि वाद फळांचा. रेफरीभाऊ मध्ये पडला आणि त्यानं निवाडा दिला, की जे संत्रं पूर्णच्या पूर्ण धुऱ्यापार गेलं तेवढंच पलीकडच्याचं, बाकी सगळी खेळात आहेत. दोन्ही भाऊ इतकी वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. त्या दिवशी ते एक झाले आणि त्यांनी याला मिळून धुऱ्याबाहेर काढलं.

लग्नाच्या पंगतीत तर त्याला नेऊच नये. बुंदीच्या टोपल्याजवळ पहिल्या पंगतीपासून एक पाहुणा घुटमळत होता, यजमानाच्या कपाळाला आठ्या. रेफरीभाऊ यजमानाच्या कानाला लागला, "भाऊ, ऑफसाइड जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. त्यानं बुंदीले हात लावला, नाहीतर वाढप्याच्या आड आला, तरच शिट्टी." नियम अकराचा याहून बरा खुलासा मी कुठे ऐकलेला नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. हात आणि दंड ऑफसाइडमध्ये धरत नाहीत, डोकं, धड आणि पाय तेवढे धरतात, हेही त्यानं त्याच पाहुण्याला उभं करून दाखवलं. पाहुणा नवरदेवाचा मामा निघाला.

त्याचा खरा वैरी सौंसरला राहतो. पांढुर्णा 2023 मध्ये छिंदवाड्यापासून निघून वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यातच आलं, त्यामुळे हे भांडण आता जिल्ह्याच्या आतलंच आहे. सौंसरकर भाववादी. हँडबॉलचा विषय निघाला की तो पोराचा हेतू काय होता ते विचारतो. हा विचारतो, हात कुठे होता. तो म्हणतो, नियमांच्या पुस्तकातच खेळाचा भाव जपा असं लिहिलंय. हा म्हणतो, लिहिलंय, पण नियमात कुठे काही सांगितलेलंच नसेल तेव्हासाठी. तो जामसावळीच्या मारुतीची शपथ घालतो, हा कलम काढतो. 11 जून 2024 ला दोहामध्ये रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारनं भारताला गोल मारला, आपली पोरं शिट्टीची वाट पाहत थबकली आणि सामना 2-1 नं गेला, त्या रात्री तेवढं दोघांचं एकमत झालं. पण सकाळपर्यंतच. चहाला सौंसरकराचा फोन आला, अन्याय झाला म्हणून. रेफरीभाऊ म्हणाला, "झाला. पन शिट्टी वाजली नाही तं थांबले काऊन?"

अशा माणसाचा जन्म नेमका पांढुर्ण्यात व्हावा, याला दैव म्हणायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे जाम नदीवर गोटमार होते. पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधून दगडांचा पाऊस. त्यात माणसं गेली आहेत, त्यामुळे तिथे तो थट्टा करत नाही आणि मीही करणार नाही. त्याचं दुःख वेगळं आहे. मैदानाला रेघ नाही, खेळाडूंना संख्या नाही, मध्यंतर नाही, रेफरी तर नाहीच. प्रशासनानं मागे दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, लोकांनी दगडच उचलले. "चेंडू देल्ले, नियम कोन देल्ले?" एवढंच तो म्हणाला. त्यातून कित्येकदा झेंडा तुटतच नाही, मग संध्याकाळी दोन्हीकडची जाणती माणसं बसतात, समझोता होतो आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. या समझोत्याचं कलम तो अजून शोधतो आहे.

गेल्या हिवाळ्यात त्याला एकदाची शिट्टी मिळाली. दोन मोहल्ल्यांची मॅच, ठरलेला रेफरी आला नाही. रेफरीभाऊनं आधी टेपनं गोलपोस्ट मोजले. सात मीटर बत्तीस सेंटिमीटर भरेनात म्हणून अर्धा तास बांबू हलवले. मॅच सुरू झाल्यावर कुत्रं मैदानात आलं, त्यानं खेळ थांबवून ड्रॉप बॉल दिला. कुत्रं पाच वेळा आलं. एका गोलकीपरनं चेंडू काखेत धरून निवांत खर्रा काढला. नव्या नियमानं आठ सेकंदांच्या वर चेंडू धरला की कॉर्नर, आणि शेवटचे पाच सेकंद रेफरीनं हात वर करून मोजून दाखवायचे. यानं पंजा दाखवला. गोलकीपरला वाटलं ओळखीचं कोणी आहे, त्यानंही हात हलवला. कॉर्नर. त्यावर गोल झाला, तो ऑफसाइड म्हणून रद्द. दुसऱ्या बाजूचे दोन झाले, तेही रद्द. थ्रो-इनमधून सरळ गोलात गेलेला एक तर त्यानं इतक्या आनंदानं रद्द केला, की मारणाऱ्या पोरालाही हसू आलं.

अंधार पडायला आला तेव्हा शून्य-शून्य होतं. रेफरीभाऊ पेनल्टीसाठी पावलं मोजत होता. मागे वळून पाहतो तर दोन्ही कप्तान बांबू उपटून खांद्यावर घेऊन निघालेले. त्यांनी आपसात मिटवलं होतं, कप सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

हा पुस्तक उघडून त्यांच्या मागे धावला. "अबे थांबा! नियम दहा पाहा! निकाल लावाचे तीनच रस्ते हायत. बाहेरच्या मैदानावरचे गोल, जादा वेळ, पेनल्टी. समझोता कुठं लिहेल हाय?"

"लिहून घे ना काका," एक कप्तान म्हणाला, "आन् चाल, चहा थंडा होऊन रायला."