जेराल्टच्या वारसनोंदीवर हरकत कशी घ्यावी
(टेंभुर्णी, माढा तालुका आणि उजनीकाठच्या होतकरू हरकतदारांसाठी)

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने 13 डिसेंबर 2024 च्या सकाळी (अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवसाची रात्र होती) 'द विचर 4' या गेमची झलक दाखवली. पहिल्या तीन भागांचा नायक जेराल्ट याच्या जागी त्याची मानसकन्या सिरी हिला बसवले. कारखान्याचा हंगाम चालू, हायवेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, थंडीही बरी पडलेली, आणि अशा दिवसांत टेंभुर्णीतल्या काही तरुणांना चहा गोड लागेना. त्यांच्या दुःखाला रीतसर वळण मिळावे म्हणून ही मार्गदर्शिका.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विचर म्हणजे गावोगाव फिरून राक्षस मारण्याचे ठेके घेणारा माणूस. लहानपणी जालीम काढे पाजून त्याला तयार करतात. त्यात बरीच मुले दगावतात, उरतात त्यांचे डोळे मांजरासारखे होतात आणि त्यांना मूलबाळ होत नाही. आंद्रे सापकोव्स्की या पोलिश लेखकाने 1986 मध्ये जेराल्टची पहिली कथा लिहिली. 2007, 2011 आणि 2015 मध्ये त्याच्यावर तीन गेम आले. तिसरा पाच कोटींहून जास्त खपला. म्हणजे इस्टेट मोठी आहे, धन्याला पोटचे मूल नाही, आणि सांभाळलेली मुलगी हयात आहे.

आता आपल्या भागातल्या माणसाला पुढचे सांगायला नको. सातबाऱ्यावर नवे नाव चढू लागले की तलाठी भाऊसाहेब नमुना नऊची नोटीस काढतात, हरकतीला पंधरा दिवस देतात, आणि त्या पंधरा दिवसांत भावकीला जी तरतरी येते ती एरवी वर्षभर दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव वाया घालवू नये. सिरीच्या नावाचा फेरफार पडला आहे. हरकत घ्यायची आहे.

पात्रता

हरकतदाराने गेम पुरा केलेला असू नये. पुरा केलेल्या माणसाला सिरी कोण हे माहीत असते आणि त्याची हरकत तिथेच लंगडी पडते. शिवाय तिसरा भाग साधारण पन्नास जीबीचा. रोजचा दोन जीबीचा पॅक मारला तर पंचवीस दिवस घरात दुसऱ्या कोणाला व्हिडिओ बघता येणार नाही, आणि मध्येच लाइट गेली तर डाउनलोडचे काय होते ते वेगळे सांगायला नको. त्यापेक्षा दुसरा कोणी खेळत असल्याचा व्हिडिओ बघावा. तेवढा हक्क पुरतो. भावकीतल्या माणसाने कधी ते रान नांगरलेले असते का?

साधन म्हणून बहिणीच्या डिप्लोमासाठी घेतलेला लॅपटॉप वापरावा. ती कॉलेजला गेली की तो मोकळाच असतो. मुलगी नायक झाल्याचा निषेध त्यावर टाइप करताना काही विसंगत वाटल्यास ब्राइटनेस कमी करावा.

पहिली हरकत: चेहरा

ही सर्वांत सोपी, कारण तिला अभ्यास लागत नाही. ट्रेलर थांबवावा, सिरीच्या गालाचे हाड मोठे करून बघावे आणि म्हणावे, "आरं ही सिरी न्हाईच लका." मग 2015 ची सिरी आणि आताची सिरी शेजारी ठेवून फोटो फिरवावा. तेव्हा ती विशीची होती, आता वयाने वाढली आहे, हा मुद्दा कोणी काढल्यास विषय बदलावा. जेराल्ट तीन भागांत तीन वेगळ्या चेहऱ्यांनी वावरला होता, हा मुद्दा काढणाऱ्याला ग्रुपमधून काढावे.

या हरकतीचे यश मोठे आहे. 2025 च्या सुरुवातीला कंपनीने ट्रेलर कसा बनवला याची चित्रफीत टाकली. तीत सिरी जराशी वेगळी दिसली, लगेच भावकीने विजय जाहीर केला की आमच्या दबावामुळे चेहरा सुधारला. गेमचे दिग्दर्शक सेबॅस्टियन कालेम्बा यांना खुलासा करावा लागला की मॉडेल तेच आहे, प्रकाशयोजना, कॅमेरा आणि चेहऱ्याच्या हालचाली तेवढ्या अजून बसवलेल्या नव्हत्या. म्हणजे सुधारलेली सिरी आणि बिघडलेली सिरी एकच निघाली. अशा वेळी खचू नये. आपण कशावर रागावलो होतो हे आपल्याला नक्की ठाऊक नव्हते, एवढेच यातून सिद्ध होते आणि त्याने कोणतीही हरकत बाद होत नाही.

त्या सहा मिनिटांच्या ट्रेलरमध्ये एक गोष्टही आहे, गालाच्या हाडामुळे ती बऱ्याच जणांची बघायची राहिली. एका गावात राक्षसाला दरवेळी एक मुलगी वाहायची प्रथा असते. सिरी राक्षसाला मारते आणि मुलीला घरी परत पाठवते. गाव त्या वाचलेल्या मुलीला मारून टाकते, कारण प्रथा मोडली. मारणाऱ्या गावकऱ्यांचे चेहरे नीट रंगवले आहेत का, यावर कोणाची हरकत ऐकिवात नाही.

दुसरी हरकत: शास्त्राधार

चेहऱ्याची हरकत पोरकट वाटत असेल तर शास्त्राकडे वळावे. मुद्दा असा: काढ्यांची परीक्षा फक्त मुलांची असते, ती पुन्हा करण्याची विद्याच हरवली आहे, पुस्तकांत सिरीने ती दिलेली नाही, मग ट्रेलरमध्ये ती विचरांचा काढा पिते आणि तिचे डोळे मांजराचे होतात हे कसे? प्रश्न चांगला आहे. खरेच चांगला आहे, आणि उत्तर गेमच्या कथेत देऊ असे निर्मात्यांचे म्हणणे आहे. पण उत्तराची वाट बघणारा हरकतदार हा हरकतदारच नव्हे.

शास्त्राधार सांगताना आवाज कीर्तनकाराचा ठेवावा आणि पुस्तके वाचल्याचा आव आणावा. मात्र ज्या पुस्तकाचा दाखला द्यायचा त्यातच सिरी कैर मोरहेनच्या गडावर विचरांच्या हाताखाली तलवार शिकते, त्यांच्या वनस्पती आणि अळंबी खाते, हे कोणाला सांगू नये. जेराल्टला आवाज देणारे नट डग कॉकल यांनी नेमका इथेच घात केला. सिरी नायिका होणे हे फॅड आहे अशी ओरड झाली तेव्हा ते म्हणाले, यात तसले काही नाही, पुस्तके वाचा. ज्याच्या बाजूने दावा लावला तोच विरुद्ध साक्ष देऊ लागला, तर वकिलाने काय करावे?

वास्तवाचा आग्रह धरताना तिसऱ्या भागातली घोडी आठवू नये. ती हाक मारली की जमिनीतून उगवल्यासारखी येते, आणि कधी कधी घराच्या छपरावर उभी सापडते. या दोषाची कंपनीने स्वतःच पुढे थट्टा केली. तिचे नाव रोच. जेराल्ट मेलेल्या घोडीच्या जागी नवी घोडी आणतो आणि तिलाही रोचच म्हणतो. आजवर किती रोच बदलल्या असतील, पण नव्या घोडीच्या नावाची नोंद बिनविरोध मंजूर झाली.

तिसरी हरकत: जी लिहायची नसते

ही मनात ठेवावी. तोंडी विचारल्यास "मला मुलीबद्दल काही नाही" या वाक्याने सुरुवात करून "पण" वर थांबावे. उरलेले ऐकणाऱ्याला कळते.

सिरीच्या शिक्षणाची ती कादंबरी पोलंडमध्ये 1994 साली आली. त्याच 1994 साली महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायदा दुरुस्त करून मुलींना (त्याआधी लग्न झालेल्या सोडून) वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. केंद्राला तेच करायला 2005 उजाडले. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली वडील हयात होते की नव्हते हा वादही मिटवला. कायद्याचे काम झाले. पण अजून दिवाळीला माहेरी आलेली बहीण भाऊबीजेची साडी घेते आणि दोन दिवसांनी सबरजिस्ट्रारच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करते, आणि सगळे म्हणतात, पोरगी मनानं मोठी. सिरीकडूनही याच मोठेपणाची अपेक्षा आहे. तिने सही करावी, तलवार चुलत्यांच्या हवाली करावी आणि सणासुदीला पाहुणी म्हणून एखाद्या प्रसंगात दिसावी.

अडचण एकच. तिसऱ्या भागाच्या एका शेवटात जेराल्ट लोहाराकडून सिरीसाठी मुद्दाम चांदीची तलवार घडवून घेतो आणि स्वतःच्या हाताने तिला देतो. मृत्युपत्र याहून स्पष्ट लिहिता येत नाही. यावर भावकीचा बचाव असा की गेमला तीन शेवट आहेत आणि "माझ्या गेममध्ये" ती सम्राज्ञी झाली होती, किंवा परत आलीच नव्हती. हा बचाव ठेवून द्यावा. त्याच्याकडे पुढे यायचे आहे.

ज्याला खरेच वाईट वाटले आहे

अशीही माणसे आहेत आणि त्यांच्यासाठी मार्गदर्शिका नको, सहानुभूती हवी. शंभर तास एका घोगऱ्या, कंटाळलेल्या, आतून मायाळू माणसाच्या पाठीमागे घोडा हाकला, बारावीनंतरचा मोकळा उन्हाळा त्याच्यासोबत घालवला, आणि आता तो बाजूला. सिरीचा जुना आवाजही गेला, त्या जागी नवी अभिनेत्री आली. ही हुरहूर आहे, तिला हरकत म्हणू नये. ती पुरुषाच्या जागी पुरुष आला तरी होते: याच जेराल्टच्या टीव्ही मालिकेत हेन्री कॅव्हिल जाऊन ऑक्टोबर 2025 मध्ये लियाम हेम्सवर्थ आला, तेव्हाही प्रेक्षक कुरकुरले. आणि 1911 च्या 'मानापमान' मधली बालगंधर्वांची भामिनी ज्यांच्या डोळ्यांत बसली, त्यांना पुढे कोणतीच भामिनी पसंत पडली नसणार. (पुरुषाने नऊवारी नेसलेली आपल्या आजोबा-पणजोबांना चालत होती. बाईने तलवार धरली की नातवाला शास्त्र आठवते.)

मर्यादा आणि माघार

2020 मध्ये 'द लास्ट ऑफ अस' च्या दुसऱ्या भागात अर्धा खेळ ॲबी नावाच्या नव्या पात्राच्या हाती गेला. लोकांना ते पात्र रुचले नाही, म्हणून तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. यात विडंबन करण्यासारखे काही नाही. असला मेसेज ग्रुपवर आला तर पाठवणाऱ्याला गप्प करावे, मग तो कितीही जवळचा असो.

माघार घेण्याची सोय मात्र चांगली आहे. 2001 मध्ये 'मेटल गियर सॉलिड 2' ने जाहिरातीत जुना नायक स्नेक दाखवला आणि थोडा खेळ झाल्यावर खेळाडूच्या हातात रायडन नावाचा कोवळा, लांब केसांचा नवा पोरगा दिला. जगभर शिव्या पडल्या. 2008 मध्ये तोच रायडन तलवार घेऊन परतला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि 2013 मध्ये त्यालाच नायक करून स्वतंत्र गेम निघाला. म्हणजे हरकत मागे घ्यायला बारा वर्षे मिळतात आणि तेव्हा "मला तर आधीपासूनच आवडायचा" म्हटले की खर्चाचा आदेशही होत नाही.

निकाल

आता ठेवून दिलेला बचाव. तिसऱ्या भागाचा शेवट नशिबाने ठरत नाही. सिरी जगते की नाही, हे जेराल्ट तिच्याशी चारपाच प्रसंगी कसा वागतो त्यावर ठरते. तिला एकटीला बोलणी करू दिली का? रागाच्या भरात ती दुसऱ्याची प्रयोगशाळा फोडत असताना अडवले की हातभार लावला? म्हातारा गुरू वेसेमिर गेल्यावर तिला काय सांगितले? तिला जपले, सांभाळले, तिच्या वतीने ठरवले, तर ती परत येत नाही. तिच्यावर विश्वास टाकून बाजूला झालात तर येते. हे 2015 पासून गेममध्येच आहे. ज्याच्या गेममध्ये सिरी मेली, त्याने ती कशाने मेली हे हरकतीच्या अर्जात लिहावे.

चौथा भाग 2026 संपेपर्यंत येणार नाही, हे कंपनीने आधीच सांगून ठेवले आहे, तेव्हा सरावाला वेळ भरपूर आहे. लॅपटॉप मोकळा असेल तेव्हा, बहिणीला विचारून, तिसरा भाग पुन्हा लावा. वेसेमिरच्या मृत्यूनंतर सिरी खचलेली असते. तिथे दोन पर्याय येतात. सगळे तुलाच जमायला हवे असे नाही, असे सांगून तिच्यासोबत दारू प्यायची, किंवा तिला बाहेर नेऊन बर्फाचे गोळे फेकायचे. बर्फ निवडा.