जॉन स्मिथचे वारसदार

२८ एप्रिल १८१९. शिकारीच्या नादात अजिंठ्याला पोहोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलं नाव खुशाल कोरलं. तेव्हा आत गाळ साचला होता, त्यावर उभं राहून कोरलेलं ते नाव आज आपल्या डोक्यावर दिसतं. भिंतीवर बदाम काढणाऱ्या तमाम संप्रदायाचा हा मूळपुरुष! गंमत म्हणजे गाईड आता ते नाव टॉर्च मारून कौतुकाने दाखवतो. आपल्या बंड्याने पिंकीचं नाव कोरलं तर मात्र थेट गुन्हा. दोनशे वर्षं दम धरायची तयारी हवी, दुसरं काय!

बरं, स्मिथ निदान परका. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चित्रांच्या काळजीपोटी इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी पोपडे धरलेल्या चित्रांना लाखेचं व्हार्निश फासलं. ते पिवळं पडत गेलं आणि ते काढता काढता पुरातत्त्ववाल्यांच्या पिढ्या खपल्या.

१९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं, गर्दी वाढली. धूर नको म्हणून गाड्या फर्दापूरला थांबतात, पण माणसांचा श्वास कुठे पार्क करणार? भिंतींना दमटपणा सोसत नाही, म्हणून काही लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडतात. तरी रांगेतले एक काका वैतागलेच, "एवढा अंधार ठेवण्यापेक्षा एकदा मस्त ऑइलपेंट का मारत नाहीत हे लोक? आमच्या मारुतीला दरसाल मारतो आम्ही!"