चिखलाची वाटणी

जुनी ॲडव्हेंचर मोटारसायकल बाळगणाऱ्या माणसाला गाडीत सतत काहीतरी बदलायचं असतं. इंजिनाला हात लावायची ऐपत नसते आणि सायलेन्सर बदलला की पोलीस बाजूला घेतात. मग उरतं पुढचं मडगार्ड. ते बदललं तर कुणाचं काही जात नाही, आणि पार्किंगमध्ये दोन माणसं थांबून बघतात.

माझी हिमालयन ४११ सीसीची. हे मॉडेल २०१६ साली बाजारात आलं. पुढे २१ इंची चाक, मागे १७ इंची. पुढच्या चाकावर दोन मडगार्डं: वर पक्ष्यासारखी चोच आणि खाली टायरला बिलगलेलं दुसरं. चोचीची फॅशन रुजवण्याचं बरंचसं श्रेय सुझुकीच्या १९८८ च्या डीआर बिगला देतात, आणि तिनं ती उचलली तेव्हा सहारातून जाणाऱ्या डाकार शर्यतीच्या गाड्यांवरून. जिथं चिखल औषधालाही सापडत नाही त्या सहारातून मडगार्डाची फॅशन यावी, हे मला फार आवडतं.

चिखल आमच्याकडे आहे. कोकणातला लाल चिखल निदान वाहून जातो. मराठवाड्यातला काळा मुक्कामालाच येतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरला चिकटते, टायरबरोबर वर जाते आणि खालच्या मडगार्डाच्या बोटभर फटीत ठासून बसते. शेताच्या वाटेवर शंभर पावलं गेलं की चाक फिरायचंच थांबतं. मग गाडी उभी करून काडीनं उकरत बसायचं. गावातली पोरं या भानगडीत पडत नाहीत. पेरणीच्या दिवसांत स्प्लेंडरचं पुढचं मडगार्ड काढून ती गोठ्यात टाकून देतात. खर्च शून्य. पण मला ते काढायचं नव्हतं, बदलायचं होतं. आणि बदलायला पैसे लागतात.

पार्सल आलं. खोक्यात लांब शेपटीचं काळं प्लास्टिकचं मडगार्ड, चार बोल्ट आणि ज्याचा काही उपयोग नाही असा एक वाकडा क्लॅम्प. खोक्यावर ‘युनिव्हर्सल फिट’. गॅरेजमधल्या मेस्त्रींनी ते उलटंपालटं केलं. “सर, सगळ्या गाड्यांना बसतंय म्हंजे कुठल्याच गाडीला धड बसत नसतंय.”

एवढं बोलून त्यांनी दहाचा पाना उचलला, म्हणजे काम स्वीकारलं. जुनं मडगार्ड चाकाबरोबर वरखाली होणारं, त्यामुळे बोटभर फट त्याला पुरायची. नवं दोन्ही शॉकअप जोडणाऱ्या खालच्या टीला धरणार, म्हणजे ते जागेवर राहणार आणि चाक त्याच्याकडे झेपावणार. या गाडीच्या पुढच्या शॉकअपची चाल २०० मिलिमीटर. मेस्त्रींनी टायरच्या माथ्यापासून टेप धरला, बोटानं खूण केली, जागा पुरते म्हणून मान डोलावली आणि मडगार्ड टीला नीट बसावं म्हणून दोन स्पेसर कातून आणले. स्पेसरला मडगार्ड घासू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल वॉशर कापले. ते कापताना कात्री किती सावकाश फिरत होती! सोनार नथ घडवताना इतकं मन लावत असेल की नाही, शंका आहे. ब्रेकच्या पाइपला जुन्या मडगार्डावरच्या क्लिपचा आधार होता. तो गेल्यावर पाइप टायरकडे झुकला. तो केबल टायनं शॉकअपला धरला आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हापुन्हा फिरवून पाहिलं.

गाडी उंच दिसायला लागली. खरं तर एक मिलिमीटरही वाढली नव्हती. जालना रस्त्यावर ऐंशीच्या पुढे गेल्यावर वारा त्या लांब जिभेखाली शिरतो आणि हँडल बारीक थरथरतं. तेवढं मी शर्यतीचा अनुभव म्हणून सोसतो.

पहिल्या मोठ्या पावसात गावाकडे गेलो. चाक कुठंही अडलं नाही. काळी माती टायरवरून मोकळेपणानं सुटत होती आणि तिथून इंजिनावर, ऑइल कूलरवर, माझ्या गुडघ्यांवर आणि मागं बसलेल्या बायकोच्या नव्या सलवारीवर बसत होती. तापलेल्या इंजिनावर ती भाजून निघाली, त्यामुळे धुताना खरवडावी लागली.

“अहो, आधीचं मडगार्ड चाक अडवत होतं, पण चिखल तरी अडवत होतं,” बायको म्हणाली.

मेस्त्रींना सांगितलं, तर त्यांनी ट्रकच्या ट्यूबचा तुकडा आधीच कापून ठेवलेला. शेपटीला लावायला.

“त्या दिवशीच का नाही लावला?”

“त्या दिवशी तुम्ही फोटो काढत होता, सर.”