पुढच्या नोव्हेंबरचा माणूस

एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे कॅटचा, निकाल बहुतेक डिसेंबर संपता संपता लागतो. ज्यांना हवे तेवढे पर्सेंटाइल मिळतात ते मुलाखतींच्या तयारीला लागतात, ज्यांना या परीक्षेचा वीट येतो ते सुटतात, आणि उरतो तो आपला नायक. तो निराश होतो, पण फार वेळ नाही. साधारण रात्रीच्या जेवणापर्यंत. आई न बोलता भाजी वाढते, बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात, आणि वरणभात कालवता कालवता तो जाहीर करतो, 'पुढच्या वर्षी नक्की.' त्या क्षणी तो मुक्काम हलवतो आणि पुढच्या नोव्हेंबरात राहायला जातो. मधले महिने तो हिंजवडीच्या बसमध्ये, ठाण्याच्या लोकलमध्ये किंवा नागपुरातल्या एखाद्या अभ्यासिकेत दिसतो खरा, पण लग्नाचं बघायचं का, गाडी घ्यायची का, दाढेचं रूट कॅनल कधी करायचं, या सगळ्याला त्याचं उत्तर एकच: 'कॅट होऊ दे.' तो म्हटलं तरी यात तीही आलीच. फरक इतकाच, की त्याच्या वेळी नातेवाईक 'करू दे की अजून एक वर्ष' म्हणतात आणि तिच्या वेळी ते एक वर्ष स्थळांच्या हिशेबात मोजतात.

अशा माणसाला लोक आळशी समजतात. हा शुद्ध अन्याय आहे. गेल्या वर्षी 86 आणि यंदा 88 पर्सेंटाइल मिळवणारा हा गडी वर्षभरात जेवढे बदल करतो, तेवढे एखादं सरकारही करत नाही. संक्रांतीपर्यंत क्लास बदलतो. गुढीपाडव्याला नवं वेळापत्रक लागतं, त्यात पहाटे साडेचारचा रकाना असतो. पावसाळ्यात शब्दसंग्रहाची ॲप्स येतात, गणपतीत आरतीपुरती सवलत मिळते, परीक्षेचा अर्ज भरताना नवा फोटो काढला जातो, आणि दिवाळीत चकलीची परात समोर असताना मॉक टेस्टचा पर्सेंटाइल पाहून घास घशाशी अडकतो. टेबल बदलतं, टेबलाची दिशा बदलते, यूट्यूबवरचे सर बदलतात. बदलत नाही ती एकच गोष्ट: त्या दोन तासांत पेपर ज्या पद्धतीने हाताळला जातो ती. माझं म्हणणं एवढंच आहे, की गुण अडतात ते इथे. आणि ते इथे अडतात याचा पुरावा शोधायला कुठे लांब जायला नको. तो त्याच्याच जुन्या मॉकमध्ये पडलेला असतो, फक्त तो उघडत नाही.

त्याची पहिली फसगत आकडाच करतो. 'अठ्ठ्याऐंशी आले' असं कानावर पडलं की काकू म्हणतात, 'अरे, मग तोंड कशाला पाडतोस? डिस्टिंक्शन आहे की!' काकूंचा दोष नाही. त्यांच्या काळी अठ्ठ्याऐंशीला पेढे वाटत. पण पर्सेंटाइल म्हणजे किती जण मागे राहिले याचा हिशेब. 2024 च्या नोव्हेंबरात सुमारे 2 लाख 93 हजार जणांनी कॅट दिली. त्यात 88 पर्सेंटाइल म्हणजे पुढे जवळजवळ पस्तीस हजार माणसं. काकूंना एवढा मोठा मांडव कुठल्या लग्नात दिसायचा नाही. आता याच नाण्याची दुसरी बाजू बघा. त्या वर्षी पेपर 68 प्रश्नांचा, म्हणजे 204 गुणांचा होता, आणि 99 पर्सेंटाइलला त्यातले निम्मेसुद्धा लागले नाहीत. म्हणजे जो मुलगा अर्ध्याहून जास्त गुण गमावून घरी आला, तोही देशातल्या पहिल्या काही हजारांत होता. आपला नायक ही माहिती इतरांना तावातावाने सांगतो. स्वतः मात्र पेपरला बसतो ते शंभरपैकी शंभर मिळवायच्या इराद्याने.

त्याची पाटी आपण जरा जवळून पाहू. 2020 पासून ही परीक्षा तीन तासांवरून दोन तासांवर आली. इंग्रजी, मग माहितीचं विश्लेषण आणि तर्क, मग गणित. प्रत्येकाला 40 मिनिटं आणि एका विभागातून दुसऱ्यात उडी मारायची सोय नाही. गणिताचे 22 प्रश्न धरले तर एकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत. बरोबर उत्तराला तीन गुण, आणि पर्याय दिलेल्या प्रश्नात चुकलात तर एक वजा. आपला नायक 16 प्रश्नांना हात घालतो. आठ बरोबर येतात, आठ चुकतात. चोविसातून आठ गेले, राहिले सोळा. शेजारच्या संगणकावरची मुलगी दहाच प्रश्न करते. तिचेही आठच बरोबर येतात, दोन चुकतात. चोविसातून दोन गेले, राहिले बावीस. गणित दोघांना सारखंच येतं. सहा गुणांची तफावत पडली ती तिने न केलेल्या सहा प्रश्नांची, आणि त्याच्या पातळीवर सहा गुणांच्या त्या बोळकांडीत हजारो उमेदवार दाटीवाटीने उभे असतात. गंमत पुढेच आहे. ज्या प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं असतं, तिथे चुकल्याचा दंड नाही. नेमके तेच तो कोरे ठेवतो, कारण 'खात्री नव्हती.' खात्री नसलेलं जिथे फुकट आहे तिथे हा काटकसर करतो आणि जिथे दंड आहे तिथे कर्णाचा अवतार होतो.

हे असं का होतं? याचं मूळ मला दहावीच्या वर्गात दिसतं. 'एकही प्रश्न सोडू नका, काहीतरी लिहा, तपासणारा अर्धा मार्क तरी देईल' हा उपदेश ऐकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलं मोठी झाली. पुरवण्या जोडण्यात पुरुषार्थ होता. वर्गात पहिल्याने दोरा मागणाऱ्या मुलाकडे बाकीचे भीतीने बघत. या संस्कारात वाढलेल्या माणसाला समोरचा प्रश्न ओलांडून पुढे जाणं म्हणजे पळपुटेपणा वाटतो. चार मिनिटं घालवल्यावर तर विचारूच नका. आता सोडला तर ती चार मिनिटं वाया जातील, म्हणून तो आणखी पाच घालतो. ही त्याची जिद्द आहे, आणि बाकी सगळ्या आयुष्यात ती गुण म्हणूनच मोजली गेली आहे.

त्याच्या एक्सेल शीटमध्येही ही जिद्दच दिसते. मॉकची तारीख, विभागवार गुण, पर्सेंटाइल, आलेख, हिरवे-लाल रंग, सगळं जागच्या जागी. शेवटचा रकाना 'चुकीचं कारण' असा आहे. पहिल्या तीन मॉकसमोर तिथे 'सिली मिस्टेक' लिहिलंय, पुढच्या ओळींत नुसतं 'सि. मि.', आणि मग खाली ओढून तेच भरलंय. चूक एकदा 'सिली' ठरली की तिची चौकशी करावी लागत नाही. वास्तविक चुका तीनच जातींच्या असतात: येत नव्हतं, येत होतं पण घाईत गेलं, आणि करायलाच नको होतं. तिन्हींवर इलाज वेगवेगळे आहेत. पहिलीला पुस्तक लागतं, दुसरीला सराव, तिसरीला मन घट्ट करावं लागतं. एक मॉक द्यायला दोन तास लागतात आणि ती अशी निवडायला चार. म्हणून तो चार तासांत आणखी दोन मॉक देतो.

यावर त्याचं पहिलं म्हणणं असतं, की नशीब आडवं आलं. 'आमचा स्लॉटच अवघड होता.' परीक्षा एकाच दिवशी तीन सत्रांत होते आणि त्याचं सत्र कायम तिन्हींत सर्वांत अवघड असतं. सत्रासत्रांतला हाच फरक भरून काढायला गुणांचं नॉर्मलायझेशन होतं, हे त्याला ठाऊक असतं. पण मग तो नॉर्मलायझेशनवर संशय घेतो. नशिबाचा वाटा अजिबात नसतो असं मी म्हणत नाही. तर्काच्या विभागात चुकीचा सेट धरला आणि बारा मिनिटांनी कळलं की हा सुटणारा नव्हे, तर भलेभले आडवे होतात. पण नशीब एकदा वर नेतं, एकदा खाली आणतं. जे दर वर्षी त्याच पायरीवर आणून सोडतं, त्याला नशीब म्हणायचं नसतं, सवय म्हणायचं असतं. स्नॅप ही अशीच दुसरी प्रवेशपरीक्षा गेली काही वर्षं एकाच हंगामात तीनदा देता येते आणि त्यांतले सर्वोत्तम गुण धरतात. तिन्ही खेपा अवघ्या काही दिवसांच्या अंतराने असतात. तिथेही हा तिन्ही वेळा जवळपास सारखेच गुण आणतो आणि तिन्ही वेळा केंद्रावरचा माऊस खराब निघतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मेहनत वाढवून, जास्त मॉक देऊन लोकांचे गुण सुधारतात, हे डोळ्यांसमोर दिसतं. मग मेहनतीची टिंगल का? मेहनतीची टिंगल नाहीच. ज्याचा पायाच कच्चा आहे, शेकडेवारीत आणि काळ-काम-वेगात जो अडखळतो, त्याने खुशाल सहा महिने पाढ्यांपासून सुरुवात करावी. त्याचे गुण वाढतीलही. पण पाया कच्चा आहे की नाही हे कळायलाही तो चुकांचा रकाना भरावा लागतो. इंग्रजीचं बघा. उताऱ्यांसाठी अमुक मासिक वाचा असं कुणीतरी सांगितलं, म्हणून हा रोज सकाळी ऑक्टोपसच्या जाणिवेवर किंवा मध्ययुगीन घड्याळांवर एक निबंध वाचतो. वर्षाअखेर ऑक्टोपसबद्दल तो तासभर बोलू शकतो. पण उताऱ्याखालच्या चार पर्यायांपैकी दोन नेहमी आपल्याला सारखेच का वाटतात आणि आपण दर वेळी त्यातला चुकीचाच का उचलतो, हे त्याने एकदाही तपासलेलं नसतं. ज्यांचे गुण दुसऱ्या खेपेला वाढले, त्यांनी काहीतरी तपासलेलं असतं. ते फारसं बोलत नाहीत, कारण 'मी कमी प्रश्न केले' या वाक्यावर प्रेरणादायी भाषण होत नाही.

मग वसंतात आपल्याकडची सीईटी येते आणि माझ्या म्हणण्याला सर्वांत पक्का पुरावा तिथे मिळतो. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसह राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांची वाट या परीक्षेतून जाते. तिचा स्वभाव कॅटच्या नेमका उलटा: 150 मिनिटांत 200 प्रश्न आणि चुकीला दंड नाही. इथे पुरवण्यांचा जुना संस्कार अक्षरशः उपयोगी पडला असता. पण नोव्हेंबरात हात पोळलेला आपला नायक आता शहाणा झालेला असतो. एका कोड्यावर तीन मिनिटं विचार करतो, खात्री नसलेले प्रश्न सभ्यपणे बाजूला ठेवतो आणि वेळ संपल्यावर चाळीस प्रश्न कोरे ठेवून उठतो. जिथे थांबायचं तिथे तो धावला आणि जिथे धावायचं तिथे थांबला. हे अज्ञान म्हणावं, तर दोन्ही परीक्षांची गुणपद्धती त्याला झोपेतून उठवून विचारली तरी तोंडपाठ आहे. नियम माहीत असणं आणि नियमाप्रमाणे हात चालणं यांत जे अंतर आहे, ते कापायचं सोडून तो तिसऱ्या क्लासची फी भरतो.

शेवटचा आक्षेप माणुसकीचा आहे. नोकरी सांभाळून, घरच्यांच्या अपेक्षा डोक्यावर घेऊन झगडणाऱ्या मुलाला हसणं बरं नव्हे, असं कुणी म्हणेल. मान्य. त्याच्या बाजूने आणखीही बोलता येईल. कित्येक आयआयएम बोलावण्याच्या यादीत नुसती कॅट धरत नाहीत. दहावी, बारावी, पदवी, कामाचा अनुभव यांनाही वजन देतात. सोळाव्या वर्षी भूगोलात गेलेले गुण सव्विसाव्या वर्षी वसूल होतात आणि दहावी काही पुन्हा देता येत नाही. अभियंत्यांच्या गर्दीत खुल्या गटातल्या मुलाला इतरांपेक्षा जास्त पर्सेंटाइल लागतात, ही त्याची तक्रारही पोकळ नाही. पण या सगळ्यातून निघतं ते असं, की त्याच्या हातात असलेली गोष्ट फार थोडी आहे. जुने गुण बदलत नाहीत, स्पर्धक घटत नाहीत, पेपर काढणारे दया दाखवत नाहीत. हातात आहेत ती फक्त 120 मिनिटं. तेवढी सोडून बाकी साऱ्या विश्वाची फेररचना करत बसणाऱ्याला थोडं हसणं, हे न हसता 'होईल रे पुढच्या वर्षी' म्हणण्यापेक्षा जास्त आपलेपणाचं आहे.

शिवाय ही परीक्षा कशासाठी आहे तेही विसरून चालणार नाही. उद्या एखाद्या कंपनीत याच्यापुढे तोट्यातलं खातं येईल. त्याला दुप्पट भांडवल द्यायचं, की आधी पैसा कुठे गळतोय ते पाहायचं, कुठलं काम चालू ठेवायचं आणि कुठलं आजच बंद करायचं, हे ठरवायला त्याला पगार मिळणार आहे. कॅट त्याला एवढंच विचारते, फक्त आकडेमोडीच्या आडून. दुसऱ्याच्या धंद्याचा ताळेबंद वाचायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या पंचवीस मॉकचा हिशेब उघडायला भीती वाटत असेल, तर त्याला प्रवेश नाकारून ती परीक्षा आपलं काम चोख करते आहे, असंच म्हणावं लागेल. तो रकाना ज्या वर्षी तो खरंच भरेल, त्या वर्षी त्याला क्लास बदलावा लागणार नाही. आणि ते वर्ष यंदाचंही असू शकतं.