पाहुणचाराचे बळी

पावसाळ्यात आमच्या पुण्यातल्या बाल्कनीत चिलटांचा उच्छाद असतो. त्यावर उपाय म्हणून मी व्हीनस फ्लायट्रॅपचं रोप मागवलं.

"घरात बॅट आहे ना?" बायको म्हणाली.

डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलंय, हे मी तिला सुनावलं.

"त्याच्याकडे बॅट नव्हती," ती म्हणाली.

रोप आलं ते मुठीत मावेल एवढं. जबडे नखाएवढे, आतून तांबूस. आत बारीक केस. त्यांना वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच जबडा मिटतो. पावसाचा एखादा थेंब पडला म्हणून उगाच तोंड हलवायचं नाही, हा त्याचा बाणा. मी मात्र एकदाही विचार न करता कामाला लागलो.

मांसाहारी पाहुणा, म्हणजे पंगतही तशीच हवी. तांबडी माती, मुरलेलं शेणखत, वर ओंजळभर गांडूळखत, कडेने निंबोळी पेंड. गुलाबाने आनंदाने उड्या मारल्या असत्या. पाहुण्याचे जबडे आठवड्यात काळे पडले आणि पंधरवड्यात तो गेला.

मग मी माहिती वाचली. (आधी वाचायची असते, हे पन्नाशीतही माझ्या अंगवळणी पडलेलं नाही.) हे झाड अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या दलदलीतलं. तिथली वाळूमिश्रित, आम्लधर्मी माती इतकी निकस, की नायट्रोजनसाठी बिचाऱ्याला माशा धराव्या लागतात. म्हणजे मांसाहार ही त्याची चैन नव्हे, ते दुष्काळी काम. त्याला खत घातलं की मुळंच जळतात.

दुसरं रोप कोकोपीटमध्ये लावलं, तेही न धुता. नारळाच्या काथ्यात खारटपणा राहतो, हे आजोळ कोकणात असूनही सुचलं नाही. तेही गेलं.

तिसऱ्या वेळी मी पुरता शहाणा झालो होतो. निम्मं पीट मॉस, निम्मं पर्लाइट, खत शून्य. पाणीसुद्धा आरओचं! पण प्यायचं पाणी कुंडीत ओतणं जिवावर आलं, म्हणून मशीनच्या मागच्या नळीतून वाया जाणारं घातलं. रोपाने मान टाकल्यावर त्या पाण्यात क्षार मोजायचं मीटर बुडवलं, तर आकडा थांबेचना. लिटरला पन्नास मिलिग्रॅमच्या आतलं पाणी मागणाऱ्या झाडाला, मशीनने आमच्या पाण्यातून वेचून काढलेले क्षार मी महिनाभर इमानेइतबारे पाजत होतो.

सप्टेंबरात कासच्या पठारावर गेलो. कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं नावाची फुलं निळीजांभळी पसरली होती. दिसायला नाजूक, पण ओल्या मातीत त्यांच्या इवल्या पिशव्या सूक्ष्म जीव गिळत असतात. शेजारी दवबिंदू नावाच्या रोपाच्या चिकट पानाला एक चिलट डकलेलं. तिथे कुणी ना शेणखत घातलं होतं, ना मीटर बुडवलं होतं.

चौथं रोप सध्या जिवंत आहे. तेच पीट मॉस, तेच पर्लाइट, कुंडीखालच्या थाळीत पावसाचं साठवलेलं पाणी. देखभाल बायकोकडे आहे आणि मला कुंडीला हात लावायची बंदी आहे.

चिलटं मी बॅटने मारतो.