दुसऱ्या भागाचे सर

लातूरच्या ट्युशन एरियात संध्याकाळी सातच्या सुमारास कुणी ‘ओ सर’ अशी हाक मारली, तर निम्मा रस्ता मागं वळून बघतो. फिजिक्सचे सर, केमिस्ट्रीचे सर, बायोलॉजीचे सर आणि त्या तिघांच्या नोट्स विकणारे सर. या गर्दीत एकच इसम हाक न मारताही वळतो, आणि तोही एका टाचेवर गिरकी घेऊन. तो डान्स सर. नांदेडला श्यामनगर-बाबानगरच्या बाजूला हाच माणूस भेटतो. फक्त तिथं तो ‘काय राव’च्या ऐवजी ‘हौ ना भाई’ म्हणतो. लातूरचा डान्स सर पुण्याला वर्कशॉप केल्याचं सांगतो, नांदेडचा हैदराबादला. बाकी माल एकच.

त्याचा क्लास झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर असतो. भिंतभर आरसा, आरशाला तडा, तड्यावर ‘डान्स इज माय लाइफ’चं स्टिकर. बाहेरच्या पाटीवर हिप-हॉप, लावणी, झुंबा, भरतनाट्यम आणि ‘लग्नाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील’. फी महिन्याची, उधारी वर्षाची. विद्यार्थी आठवीपर्यंतचेच. नववी लागली की फाउंडेशन बॅच सुरू होते आणि आई येऊन सांगते, ‘सर, आता दोन वर्षं बंद, मग पुढची दोन वर्षं तर बंदच.’ मानवी मनोरे रचायचे आणि कोलांट्या मारायच्या तर त्या दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या जिवावर, मंडपवाल्याकडून मागून आणलेल्या गाद्यांवर.

पण हे सगळं वरवरचं झालं. डान्स सर ओळखायचा तो एका मतावरून. त्याला विचारा, ‘एबीसीडी’ बघितला का?

‘कुठला?’ तो डोळे बारीक करतो.

इथं ‘पहिला’ असं चुकून म्हणालात तर तुमची संध्याकाळ गेली.

रेमो डिसूझाचा ‘एबीसीडी’ हा नाचाचा चित्रपट, त्याचा पहिला भाग फेब्रुवारी 2013 मध्ये आला. प्रभुदेवा, केके मेनन, शेवटी गणपतीच्या गाण्यावरचं ते दणदणीत नाचकाम. लोकांना आवडला. दुसरा 19 जून 2015 ला. वरुण धवन, श्रद्धा कपूर, पुन्हा प्रभुदेवा, आणि गोष्ट थेट लास व्हेगासपर्यंत. त्यानं शंभर कोटींच्या वर धंदा केला. तरी आपल्याकडचं लोकमत असं पडलं, की ‘पहिल्यासारखा नाही.’ शंभर कोटी मिळवलेल्या चित्रपटावर अन्याय झाला, असं मानून झुरणारा माणूस तुम्ही बघितला नसेल, तर लातूरला या.

‘मी काय म्हणायलोय ते ऐकून घ्या तुमी,’ सर सुरू होतात. ‘पहिला भाग सगळा बनावट. दुसरा खऱ्या पोरांवर काढलाय. नालासोपाऱ्याची पोरं! लोकलनं जाणारी!’ हे मात्र खरं आहे. सुरेश मुकुंद आणि त्याच्या नाचाच्या गटाच्या वाटचालीवरच तो चित्रपट बेतला होता. पुढं याच सुरेशच्या ‘द किंग्ज’नं 2019 मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही स्पर्धा मारली आणि दहा लाख डॉलर घेऊन आली पोरं. ती बातमी आली तेव्हा सरांनी क्लासमध्ये पेढे वाटले. आपलंच पोरगं डॉक्टर झाल्यासारखे.

सरांचा दुसरा मुद्दा भावनिक असतो. ‘पहिल्यात हिरोईन कोण? अमेरिकेची. दुसऱ्यात? श्रद्धा कपूर. पद्मिनी कोल्हापुरेची भाची. म्हणजे घरचीच झाली की.’ पालक महिलांवर हा मुद्दा हमखास चालतो. मात्र त्यांच्यातली एखादी चौकस निघते आणि विचारते, ‘पण त्या दुसऱ्या भागातला मास्टर दारू पितो ना हो?’ सर लगेच विषय फीवर आणतात.

तिसरा मुद्दा खास लातुरी आहे आणि मला तो बिनतोड वाटतो. ‘पोरगं पहिल्या वर्षी नीटला चारशे पाडतंय. रिपीटर बॅच लावून सहाशे पाडतंय. मंग तुमी पेढे चारशेचे वाटताव का सहाशेचे?’ या गावात रिपीटरला कुणी हिणवत नाही. त्याला वेगळी बॅच, वेगळी फी, वेगळं होस्टेल. दुसऱ्या प्रयत्नावर निम्म्या शहराचं पोट चालतं. त्या शहरानं एका चित्रपटाच्या दुसऱ्या प्रयत्नाला नाकं मुरडावीत, हे सरांना खुपतं.

एवढं होऊनही माणसं ऐकत नाहीत. रिक्षावाला म्हणतो, ‘पहिल्यात स्टोरी होती सर.’ खालचा झेरॉक्सवाला म्हणतो, अडीच तासांच्या वर कोण बसंल? फिजिक्सचे सर म्हणतात, त्या उड्यांमध्ये गुरुत्वाकर्षणाचा अपमान आहे. आणि नांदेडला तर एक काका आहेतच, प्रत्येक गल्लीत एक असतात, लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत दरवर्षी पहिल्या रांगेत तमाशा बघणारे. ते पान तोंडातल्या तोंडात फिरवत म्हणतात, ‘नाच म्हणजे 1972 चा ‘पिंजरा’. काढला का शांतारामबापूंनी त्याचा दुसरा भाग?’ यावर लातूरचे सर गप्प झाले असते. नांदेडचे होत नाहीत. ‘दुसरा काढाया हिंमत लागती, काका,’ म्हणतात.

सरांचा खरा शत्रू मात्र पहिला भाग नव्हे, ‘झिंगाट’ आहे. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळानं होरपळलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला ‘सैराट’ आला, ‘झिंगाट’ गाण्यासकट. रेल्वे पावसाळ्यात बंद झाली, ‘झिंगाट’ अजून चालूच आहे. सरांनी दुसऱ्या भागातल्या गाण्यांवर बसवलेले सगळे गट त्या उन्हाळ्यात बसले ते बसलेच. हळदीला ‘झिंगाट’, वरातीला ‘झिंगाट’, बालवाडीच्या गॅदरिंगलाही ‘झिंगाट’. त्याला सराव लागत नाही, गाद्या लागत नाहीत, मुख्य म्हणजे सर लागत नाहीत. ही त्यांची खरी जखम.

एक गोष्ट सरांना विचारू नये, पण मी विचारली. दुसऱ्या भागाची कथाच अशी सुरू होते, की नायकाच्या गटावर दुसऱ्यांचा नाच चोरल्याचा आरोप येतो आणि भर स्पर्धेत त्यांची छी-थू होते. मग सरांनी दरवर्षी गॅदरिंगला बसवलेला नाच त्याच चित्रपटातला, स्टेप न स्टेप तोच कसा? मोबाइलवर थांबवून थांबवून उतरवलेला दिसतो, अगदी कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारण्यासकट. सर जराही विचलित झाले नाहीत. ‘ती कॉपी नाही, ट्रिब्यूट आहे,’ म्हणाले. ‘आणि बाराखडी कोणी स्वतः शोधून काढतंय का?’

2020 च्या जानेवारीत ‘स्ट्रीट डान्सर थ्रीडी’ आला. दिग्दर्शक तोच, वरुण-श्रद्धाही तेच, नाव मात्र बदललेलं. तो तिसरा भाग मानायचा की नाही, यावर सर बोलत नाहीत. एकदा तो बघून आलेला त्यांचा एक माजी विद्यार्थी त्यांना म्हणाला, ‘सर, दुसराच बरा होता.’ सर त्याला खाली घेऊन गेले आणि स्वतःच्या पैशानं चहा पाजला. ट्युशन एरियात ही घटना दुर्मिळ आहे.

माझं मत विचाराल तर गोष्ट पहिल्याची चांगली, नाच दुसऱ्याचा. पण हे मी सरांसमोर म्हणत नाही, कारण माझी पुतणी सातवीत आहे आणि गॅदरिंगला तिला पुढच्या रांगेत उभं करायचं आहे. तुमच्याही शाळेचं गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत असेल, तर दिवाळीआधीच सरांना गाठा, ॲडव्हान्स द्या आणि पावती मागू नका. पहिला भाग जास्त आवडतो हे सांगायचंच असेल, तर पोरगी मनोऱ्यावरून सुखरूप खाली उतरल्यावर सांगा.