डंप कोणाचे?

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे. गोव्याच्या या चार तालुक्यांत खाणींनी उभे केलेले डोंगर आहेत. गावकरी त्यांना डंप म्हणतात. एक टन लोहखनिज हाती यायला अडीच-तीन टन माती-दगड उपसावे लागतात. पोर्तुगीज अमलापासून तो उपसा खाणीच्या आसपास जागा मिळेल तिथे ओतला गेला.

त्यात नुसती माती नाही. जपानच्या पोलाद कारखान्यांना वरच्या प्रतीचा माल लागे. कमी लोखंडाचे खनिज ‘रिजेक्शन’ म्हणून ढिगावर जाई. पुढे चीन तेही उचलू लागला आणि टाकाऊ ढिगाला भाव आला. २०२३ मध्ये राज्य सरकारने डंपसाठी स्वतंत्र धोरण आणले.

डंपमधले लोखंड जरूर काढावे. त्यासाठी नवा डोंगर फोडावा लागत नाही, नवे जंगल तोडावे लागत नाही. पण पैसा कोणाचा आणि चिखल कोणाच्या माथी, हे आधी ठरू द्या.

पैशाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने देऊन ठेवले आहे. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की लीजच्या हद्दीबाहेर डंप टाकणे कायद्यात बसत नाही. २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकामच लीजविना झाले होते. म्हणून त्या खनिजाच्या ई-लिलावात खाणचालकाला फक्त उत्खननाचा सरासरी खर्च मिळाला, उरलेले राज्याचे झाले. विक्रीतला दहावा हिस्सा लोहखनिजाच्या कायम निधीत टाकायचा आदेशही त्याच निकालात आहे. खनिज एकदाच विकता येते, त्यावर पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे, हे त्यामागचे तत्त्व. डंपच्या बाबतीत दहाव्या हिश्श्यावर थांबू नका. काढणी, वाहतूक आणि गावांची भरपाई वजा जाता उरलेला पैसा पूर्ण त्या निधीत जाऊ द्या.

खरी मेख पुढे आहे. डंप म्हणजे गोदामातला माल नव्हे, की दार उघडले आणि उचलला. माती चाळावी लागते, धुवावी लागते. लोखंड वेगळे झाले की मागे उरतो पाण्यात कालवलेला बारीक गाळ. तो टेलिंग पाँडमध्ये साठवायचा. पाँडचा बांध कच्चा राहिला तर काय होते, ते दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेनला विचारा. तिथे हिऱ्यांच्या जुन्या खाणीचा कचरा पुन्हा धुऊन हिरे काढत होते. ११ सप्टेंबर २०२२ रोजी गाळाचा बांध फुटला आणि चिखल वस्तीत घुसला.

आपल्याकडे तर चार महिने धो धो पाऊस. कित्येक जुन्या डंपवर अकेशियाची झाडे लावली आहेत, उतार थोडेफार बसले आहेत. तेच पोखरले की तांबडी माती पुन्हा मोकळी. ती ओहोळातून शेतात उतरते, पुढे मांडवी-झुवारीत जाते. भाताच्या खाचरात गाळाचा थर बसला की काय होते, ते पिसुर्ले-शिरगावच्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तेव्हा अटी स्पष्ट हव्यात. जून ते सप्टेंबर डंपला हात नाही. बांध आणि पाँड तपासून झाल्याशिवाय पहिला ट्रक हलणार नाही. लोखंड काढून उरलेली माती नव्या ढिगावर न टाकता जुन्या खाणीच्या खड्ड्यात भरायची. पहिल्या विक्रीच्या पैशातून शेतातला जुना गाळ काढायचा. आणि हे सगळे ग्रामसभेसमोर, कागदपत्रांसह.

किती टन माल निघाला, ते कंत्राटदार मोजेलच. पावसाळा संपल्यावर किती शेतांत माती उतरली, ते सरकारने मोजावे आणि पंचायतीच्या फलकावर लावावे. तो आकडा शून्य आल्याशिवाय दुसऱ्या डंपला परवानगी नाही, एवढी एक ओळ धोरणात घाला.